उकंडाचं न गळणारं छप्पर

आमच्या बुढ्याचं, म्हंजे माह्या नवऱ्याचं, नाव उकंडा. उभा जन्म त्यानं एकच काम केलं, पाद्री बंगल्याच्या छपराचे कवेलू, म्हंजे कौलं, फेरले. दरसाली मिरगाच्या आधी वर चढायचं, एकेक कवेलू काढायचा, झटकायचा, फुटका फेकायचा, बाकीचे पुन्हा बसवायचे. आम्ही काही ख्रिस्ती नाही, पण त्याच्या बापाचंही तेच काम होतं. बंगल्यामागची खोली त्या कामापायीच भेटली. चाळीस वर्सं झाली मले तिथं.

नेरच्या अलीकडे असा दुसरा बंगला नाही. शंभर वर्सांआधी एका गोऱ्या पाद्र्यानं बांधला. दोन हात जाड भिती, चारी बाजूनं पडवी, सागाचं आढं, अन् गरम हवा निघून जावी म्हणून वर बारके झरोके. आतून फळ्यायचं छत, त्याच्यावर कवेलू. वैशाखातही पंखा लावा लागत नव्हता, खोटं नाही सांगत.

मांगच्या साली बुढा वरून उतरला अन् म्हणे, "तुळसे, आढं उधईनं खाल्लं वं. बोट घातलं तं आत जाते."

बंगल्यात राहणाऱ्या राजदीप पाद्रीसाहेबानं मिशनच्या मोठ्या ऑफिसात अर्ज धाडला. निरोप आला, पावसाळ्यात इंजिनिअर येईल, किती गळते थे पाहील. गळत असन तं सारं छप्पर नवं, आढ्यासकट. नाही तं एक पैसा नाही.

देवानंच धाडले म्हणा, तेवढ्यात वांदरं छपरावर नाचून गेले. तीन ठिकाणी धार लागली. मी म्हणलं, "आता हात लावू नोका. गळू द्या."

"बाहेरचा साहेब येऊन राह्यला," बुढा म्हणे. "उकंडाच्या हातचं छप्पर गळते म्हणन."

"म्हणू द्या ना! कायचा तोरा एवढा?"

दुसऱ्या दिवशी मी निंदणाले गेली. वापस येऊन पाह्यलं तं बुढा छपरावर! खालून असा शिव्यांचा पट्टा सोडला मी. तो ऐकते थोडी! शेवटचा कवेलू बसवूनच उतरला.

इंजिनिअर आला तवा आभाळ फाटलं होतं. साहेब दिवाणखान्यात घंटाभर बसला, थेंब नाही पडला. पाद्रीसाहेब म्हणे, आढं सडलं, वर चढून पाहा. वल्ल्या शिडीवर साहेब कायले चढते? त्यानं बुढ्याची पाठ थोपटली, अन् कागदावर लिहिलं, छप्पर उत्तम. बुढा आठ दिवस गावभर तेच सांगत फिरला. मले तं कपाळ बडवावं वाटे.

यंदा, एका रविवारी, पाद्रीसाहेब प्रार्थनेले गेलते तवा आढं मोडलं. अर्धा बंगला बसला. माणूस कोणी मेला नाही, तेवढंच. पाद्रीसाहेब आता नेरले भाड्याच्या खोलीत राह्यते. सोमवारी जेसीबी येणार, बंगल्यासंगं आमची खोलीही जाणार. पोराच्या दोन खोल्यांत आमची जागा नाही, तरी तिकडंच जा लागन.

बुढा उरलेले कवेलू उतरवून राह्यला. कोणी सांगतलं नाही, कोणाले पाह्यजेही नाही. एकही फुटू देत नाही, भितीले लावून चळत रचते.

काल भाकर घेऊन गेली तं खाली मान घालून म्हणे, "तुळसे, तवा गळू देलं असतं तं?"

जिंदगीभर ज्याले फाडफाड बोलली, त्याच्यासाठी एक खोटं बोलावं वाटलं मले. जीभच वळली नाही.

"बंगला वाचला असता," म्हणलं.

त्यानं मान हालवली. भाकर तशीच ठेवली, अन् पुन्हा शिडी चढला.