तिचा राहिलेला राक्षस

आई खंडाळ्याला एका बंगल्यावर कामाला जायची. तिथल्या पाहुण्यांनी त्यांच्या पोराचा जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आमच्यासाठी दिला. आत खेळ एकच, आम्ही टीव्हीवर बघायचो त्याच कार्टूनचा. हिरो डावीकडून उजवीकडं पळत, उड्या मारत, राक्षसांना ठोसे घालत जायचा. मागं वळला तरी मागचा रस्ता गेलेला असायचा.

धाकटी बहीण त्यात माझ्यापेक्षा लय पुढं. मी हिरोला खड्ड्यात घातलं की म्हणायची, "ताई, तू भाकरी थाप जा." अशी आगाऊ. शेवटच्या राक्षसाच्या दारापाशी पोचली, खेळ सेव्ह केला आणि त्याच आठवड्यात तापानं गेली. सोळा वर्षांची होती. मला अजून तिचा राग येतो.

वडिवळ्यात नदीवर दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. आई म्हणाली, तुझ्या मांजरीला जपीन. वडील म्हणाले, तंबाखू सोडतो. कावळे झाडावर नुसते बसलेले. ऊन चढलं. शेवटी मी पुढं झाले आणि म्हणाले, "तुझा गेम मी पुरा करीन." लगेच शिवला.

पण मी केला नाही. सेव्ह करायला जागा एकच. मी जिंकले असते तर तिची जागा पुसली गेली असती. म्हणून अधूनमधून मी गेम फक्त चालू करायची. हिरो दारापाशी उभा, तिनं ठेवला तसाच. श्वास घेतल्यासारखे त्याचे खांदे वरखाली होत. मी बटणाला हात लावत नसे. बंद करताना वाटायचं, आत कुणीतरी माझी वाट बघतंय.

दरवर्षी पितृपक्षात पत्र्यावर घास ठेवला की कावळा यायचा, घास सोडून माझ्याकडं बघत बसायचा. आई म्हणायची, "कबूल केलंस ना? मग कर की."

"येळ न्हाई," मी म्हणायची. कसला वेळ? धीर होत नव्हता.

यंदा एका दुपारी बसले. सतरांदा मेले. संध्याकाळी राक्षस पडला, खेळानं आपोआप सेव्ह केलं आणि हिरो पुन्हा पहिल्या रस्त्यावर उभा राहिला. दारापाशी आता कुणीच नव्हतं.

पितृपक्षात घास ठेवला. हात मागं घेते तोवर कावळा आला. खाल्लं आणि उडून गेला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"निवली बघ पोर," आई म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

मी तिथंच पत्र्याकडं बघत रडत बसले. तिला आता माझ्याकडून काहीच नको होतं.