रिकाम्या बारदानाचा निकाल

मी कांदा ठेवायला विसरलो. झालं ते एवढंच.

जागा पुण्यातली, प्रसंग माझ्या पीएच.डी.च्या आढाव्याचा. टेबलावर बारदानाचा तुकडा पसरलेला, त्याच्यावर स्टँडला छोटा कॅमेरा लावलेला, कॅमेऱ्याची वायर संगणकाला जोडलेली. आळ्याहून एसटीने मांडीवर धरून आणलेली कांद्यांची पिशवी माझ्या पायाशी. समोर समिती, म्हणजे माझे मार्गदर्शक सर आणि बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ. त्यातल्या जाड चष्म्याच्या तज्ज्ञांनी मध्येच काहीतरी विचारलं आणि उत्तर देण्याच्या भरात मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने फोटो घेतला, संगणकाने थोडा विचार केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ‘कांदा उत्तम. साठवण्यास योग्य.’

“छान,” चष्मेवाले म्हणाले. “पण कांदा कुठंय?”

मी टेबलाकडे पाहिलं. बारदान होतं. कांदे पायाशी पिशवीत होते.

शहाण्या माणसाने ‘माफ करा’ म्हणून कांदा ठेवला असता. पण उत्तर येत नसलं तरी काहीतरी बोलायचंच, हा माझा जुना रोग. आळेफाट्यावर कुणी मला रस्ता विचारला, तर तो रस्ता मला ठाऊक नसतानाही मी हात लांब करून दाखवतो. तसंच इथेही म्हणालो, “सर, ते आधीच्या कांद्याचं उत्तर असावं.” आधीचा कांदा नव्हताच. तोच पहिला होता, आणि तोही नव्हता.

सर उठले, माझ्या पिशवीतून एक चांगला नासका, पाणी सुटलेला कांदा काढला आणि बारदानावर ठेवला. संगणक म्हणाला, उत्तम. मग त्यांनी बारदान काढून पांढरा कागद अंथरला आणि त्यावर पिशवीतला सगळ्यात देखणा कांदा ठेवला. संगणक म्हणाला, नासका.

“तुमचं यंत्र कांद्याकडे बघतच नाहीये,” सर शांतपणे म्हणाले. “खाली काय अंथरलंय ते बघतंय.”

माझं संशोधन काय होतं ते इथे थोडक्यात सांगतो; समितीला सांगायला मला ढीगभर स्लाइड लागायच्या. आमच्याकडे उन्हाळ्यात काढलेला कांदा बराखीत भरतात, म्हणजे वारा खेळेल अशा लांबट, फटीफटींच्या खोपीत. भाव येईपर्यंत तो तिथे राहतो. पावसाळ्यात त्यातला काही सडतो, आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो. वरून ठणठणीत दिसणारा कांदा आतून सडायला लागलाय का, हे नुसत्या फोटोवरून संगणकाला ओळखता येईल का, हा माझा प्रश्न. त्यासाठी मी न्यूरल नेटवर्क वापरत होतो. आज हा शब्द कुणीही सहज वापरतं. दोन हजार सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत मी शिकवायचो त्या कॉलेजात तो उच्चारला की लोक चहा मागवायचे. त्याचं शिकणं पहिलीतल्या पोरासारखं. हा चांगला, हा नासका, हा चांगला, हा नासका, असं पुन्हा पुन्हा दाखवायचं आणि चुकलं की दटावायचं. दटावल्यावर ते सुधारतं. माझ्या विद्यार्थ्यांत आणि त्याच्यात तेवढाच फरक.

आणि ते सुधारलं होतं! आदल्या उन्हाळ्यात ते जवळजवळ चुकेनासंच झालं. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. फार चांगला निकाल आला तर आधी संशय घ्यावा, हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो, पण पेढ्यांचा आणि शिकवण्याचा संबंध नसतो.

समितीने सांगितलं ते स्पष्ट होतं. माझी मुदत एकदा वाढवून झाली होती. आता दिवाळीनंतर एकच बैठक. तेव्हा कांद्याकडे बघणारं काही दाखवता आलं तर प्रबंध लिहायचा, नाहीतर नोंदणी रद्द. निघताना सर जिन्यापर्यंत आले. “या वेळी फोटो आधी, उत्तर नंतर,” एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत, मंचर मागे पडल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात नासका कांदा बारदानावर ठेवत नाहीत. आईचा नियम, तिच्यामागे वहिनीने चालवलेला. नासक्याचं पाणी तागात मुरतं, तेच बारदान पुन्हा चांगल्याला लागतं आणि सगळा माल हातचा जातो. म्हणून निवडताना चांगला कांदा बारदानावर आणि नासका खताच्या उसवलेल्या पांढऱ्या गोणीवर. वहिनी कांद्याची मान दाबून तो निवडायची, ज्याच्या त्याच्या जागी टाकायची, आणि मी जिथल्या तिथे फोटो काढायचो. माझ्याच हातांना ते इतकं सवयीचं होतं की खाली काय आहे हे डोळ्यांना दिसलंच नाही. मग यंत्राला कांदा बघायची गरज काय? त्याने अंथरूण बघितलं आणि पास झालं.

घरी बायको मशीनवर ब्लाउज शिवत होती. ती पिंपरी पेंढारची. बोलताना सुई आणि जीभ दोन्ही चालू राहतात.

“काय म्हनले?”

“यंत्र कांदा ओळखत नाही म्हणाले. बारदान ओळखतंय.”

पायडल थांबलं. “म्हंजी इतकी वर्सं तुमी त्याला बारदान शिकवत व्हता?”

“तसं म्हणता येईल.”

“आन् ते शिकलं?”

“उत्तम शिकलं.”

तिने तोंड फिरवलं. खांदे हलत होते, हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. मी म्हणालो, “सोडून द्यावं म्हणतो. नोकरी आहे, पगार आहे. या वयात कशाला?”

आता मात्र ती वळली. “सोडायचं व्हतं तर पेढं कशाला वाटलं? आता समद्यांना काय सांगायचं, पेढं परत द्या म्हनून?”

मी हातपाय धुऊन ताटावर बसलो. जेवण झाल्यावर तिने कपाटातून ब्लाउजच्या अस्तराचं काळं कापड काढलं, चौकोन फाडला, कडा दुमडून शिवल्या आणि माझ्यापुढे टाकला. “घ्या. चांगला, नासका, समदे ह्याच्यावरच ठिवा.”

रविवारी स्कूटर काढून लोणीला गेलो. आमची शेती तिथे, ती थोरला भाऊ बघतो. दादा बराखीपाशीच होता. मी काळ्या कापडाची गोष्ट सांगितली आणि मग मागणी : बराखीतला कांदा हवा, न निवडलेला, आणि जमलं तर नासका जरा जास्त.

दादाने टोपी मागे सारली. “लोक चांगला मागत्यात. तू नासका मागतूस?”

“दोन्ही लागतात, दादा. नासका कमी पडला तर यंत्र नीट शिकत नाही.”

“म्हंजी तुझं शिक्षान व्हायाचं तर माझी बराखी सडाया पायजे!”

“सगळी नको. थोडीशी.”

“थोडीशी म्हनं!” वहिनी आतून म्हणाली. “सड काय सांगून येती व्हय? आन् ते काळं फडकं हितं आनायचं न्हाई, भावजी. त्याच्यावर नासका ठिवनार, मंग आमच्या मालाला लावनार. फोटूबिटू तुमच्या घरी काढा.”

वडील ओट्यावर बसून हे ऐकत होते. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या घरात भिंतीवर एकच मोठी तसबीर, निळ्या कोटातली. लहानपणी अभ्यासाचा कंटाळा आला की वडील तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “त्यांनी किती पदव्या घेतल्या, मोज.” मी मोजायचो आणि झोप यायची. त्या दिवशी त्यांनी बोट वर केलं नाही. नुसतं विचारलं, “हे सुरू कुणी केलं?”

“मी.”

“मग संपवणार कोण?”

दादाने दोन गोणी भरून स्कूटरला बांधल्या. पुढच्या रविवारी आणखी दोन. बांधताना दर वेळी बडबडला, पण बांधल्या.

तो सगळा पावसाळा मी आमच्या झोपायच्या खोलीत काढला, कांद्यांबरोबर. खिडकीखाली टेबल, टेबलावर काळं अस्तर. कॉलेजला जायच्या आधी कांद्यावर नंबर चिकटवायचा, फोटो घ्यायचा, आणि मग सुरीने मधोमध कापायचा. आत पांढरा निघाला तर चांगला, काळपट निघाला तर नासका. कापेपर्यंत मलाही ठाऊक नसायचं, आणि सरांना तेच हवं होतं.

चांगले निघालेले अर्थातच स्वयंपाकघरात जायचे. त्या मोसमात आम्ही कांद्याची भाजी, कांद्याची चटणी, कांद्याचं पिठलं, कांद्याचं थालीपीठ आणि नुसताच कांदा असं सगळं खाल्लं. आमच्या शाळकरी मुलीने डब्याचा संप पुकारला. मला मात्र कांदा नासका निघाला की इतका आनंद व्हायचा की तोंडून “वा!” निघून जायचं.

“गप ऱ्हावा,” बायको आतून ओरडायची. “शेजारी ऐकत्यात. घरात नासलं की ह्यांना वा!”

वास सांगायला नको. आम्ही अंथरुणं बाहेरच्या खोलीत हलवली. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका दारातूनच मापं द्यायला लागल्या. बायको त्यांना गंभीरपणे सांगायची, “आत शोध लागतूय.”

त्यात भारनियमन. यंत्र शिकायला बसलं की तासन् तास शिकायचं, आणि वीज गेली की शिकलेलं सगळं विसरून पुन्हा पहिलीत. दोनदा तसं झाल्यावर मी त्याला अधूनमधून थांबून शिकलेलं जपून ठेवायला लावलं. वीज आली की तिथून पुढे. मीही तसाच झालो होतो. गेली की थांबायचं, आली की पुढे.

दरम्यान माझ्या डोक्यातून ते रिकामं बारदान जाईना. मी यंत्राला तिसरं उत्तर शिकवायला घेतलं : कांदा नाही. त्यासाठी नुसत्या अस्तराचे फोटो काढले. बटाट्याचे काढले, टोमॅटोचे काढले, माझ्या चष्म्याच्या डबीचे, बायकोच्या दोऱ्याच्या रिळांचे. लाल रीळ सापडेना म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा ते कॅमेऱ्याखाली बसलेलं निघालं.

दसऱ्याच्या सुमाराला निकाल आला. यंत्राने कधी न पाहिलेले कांदे त्याला दाखवले. दहातले सात बरोबर, तीन चूक. कितीही दटावलं तरी पुढे सरकेना. पेढे वाटले तेव्हा ते जवळजवळ चुकत नव्हतं, आणि आता हे. मी फाट्यावरच्या एसटीडी बूथमधून सरांना फोन लावला.

“किती?” त्यांनी विचारलं.

सांगितलं.

“खाली सगळीकडे एकच कापड?”

“एकच, सर.”

“कापायच्या आधी फोटो?”

“प्रत्येक.”

मीटर पळत होतं. सर म्हणाले, “मग जे आहे ते घेऊन या.”

दिवाळीनंतर तीच खोली, तेच टेबल, तेच तिघे. मी काळं अस्तर पसरलं. चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकले. “आज कांदा आणलाय ना?”

“आणलाय सर,” मी म्हणालो, आणि काहीच न ठेवता बटण दाबलं.

पडद्यावर आलं : ‘कांदा दिसत नाही.’

चष्मेवाले आधी हसले, मग बाकीचे. सरही हसले. मी रीळ ठेवलं, लालच. कांदा दिसत नाही. मग पिशवीतले कांदे एकेक करून ठेवले, यंत्राचं उत्तर वाचलं आणि सगळ्यांसमोर कापले. बरोबर, बरोबर, बरोबर. चौथ्याला यंत्राने उत्तम म्हटलं आणि कापल्यावर तो आतून काळा निघाला.

“हा का चुकला?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती. उजेड कमी पडला, कॅमेरा स्वस्तातला, कांद्याची जात वेगळी. फाट्यावर रस्ता दाखवणारा हात उचललाच होता म्हणा ना. मी तो खाली ठेवला.

“माहीत नाही, सर. सड आत खोल असेल तर बाहेर काही दिसत नसावं, असा अंदाज आहे. पण तपासलेलं नाही.”

“मग तपासा,” ते म्हणाले, “आणि तेही प्रबंधात घाला.” सरांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “लिहायला लागा.”

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात उन्हाला बसून हुक लावत होती. मी सगळं सांगितलं, रिळाचंसुद्धा. मग माझा बेत सांगितला : प्रबंधाची सुरुवात या पावसाळ्यापासून करायची, बारदानाची भानगड गाळून टाकायची. उगाच कायमचं छापून कशाला ठेवायचं?

तिने दोरा दाताने तोडला.

“का गाळता? तेबी लिवा. न्हाईतर आनी कुनीतरी बारदान शिकवील आन् पेढं वाटत बसंल.” मग पुढचं हुक उचलत म्हणाली, “पन हितं भाईर बसून लिवा. खोलीतला वास अजून गेला न्हाई.”