मध्यावरचं कुंकू

आप्पाला वाकडं काही बघवत नसे. एकदा आम्ही दोघं कोणाकडे दुःखाला भेटायला गेलो, तर बोलता बोलता हा उठला आणि हार घातलेला फोटो सरळ करून आला. मी कपाळाला हात लावला. "तिरपा होता रे," म्हणाला, जणू आम्ही त्यासाठीच गेलो होतो.

डिंडोलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. दोघंही लूमच्या एकाच कारखान्यात. तो मशीन दुरुस्त करायचा, मी कापड तपासायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आप्पाने एकाएकी दुर्बीण करायला घेतली. जाड काच घासून घासून आरसा केला, मुंबईहून त्यावर चकाकी चढवून आणली आणि पाण्याच्या मोठ्या पाइपच्या तळाशी बसवला. पाइपच्या तोंडाशी दुसरा लहान, तिरपा आरसा. तो उजेड बाजूच्या भोकाकडे वळवतो, तिथे डोळा लावायचा. दोन्ही आरसे जुळले नाहीत तर ताऱ्याला नुसतं शेपूट फुटतं.

आणि ते काही केल्या जुळेनात. आप्पाचा डोळा वर, स्क्रू खाली, म्हणून स्क्रूवर मी. "फिरव. अजून. ओछं कर, कमी! लूमचा बोल्ट आवळतोस का?" आधी धाकटा आरसा, मग थोरला, हा त्याचा नियम. "धाकटा सरळ असला की थोरल्याला सुधारता येतं. घरातही तेच." माझ्या घरात मीच थोरला, त्यामुळे हे वाक्य मला फार लागायचं.

खरी धास्ती मायची, म्हणजे आप्पाच्या आईची. तिचा नवरा साडेसातीत गेला. तेव्हापासून दर शनिवारी तेल, आणि घरात शनीचं नाव काढायची सोय नाही. आप्पाला तर तिला शनीच दाखवायचा होता. शेवटी त्याच्या हट्टाला कंटाळून तिने बजावलं, "दसराले एकदाव दखाड. नई दखायनं ते भंगारवालाले दी टाकसू." दसऱ्याला शनी दिसला नाही तर दुर्बीण भंगारात. आप्पा हसला, पण आतून टरकला होता. माय बोलली की करायची.

दसऱ्याला कारखान्यातली मशीनची पूजा उरकून घरी आलो, तर आप्पाने पुसून ठेवलेला मोठा आरसा पाटावर, भोवती झेंडू आणि मधोमध ओल्या कुंकवाचा टिळा. आप्पा पांढराफटक पडला.

"माय, हे काय केलं?"

"कसाले चिडस? यंत्र से ना? मंग पूजा नको?"

आप्पा कापूस घेऊन वाकला आणि थबकला. दोरा आणून चारी बाजूंनी माप घेतलं. "अरे, हा बरोबर मध्य आहे. इतके महिने आपण थोरल्याचा मध्य अंदाजाने धरत होतो. आता हा ठिपका बघत स्क्रू फिरवायचे. आणि मध्यावर तशीही धाकट्याची सावली पडते, उजेड काही वाया जात नाही." देवांना रोज टिळा लावणारा मायचा हात तो. आप्पाने मायच्या पायावर डोकं ठेवलं. तिला वाटलं, सणाचा नमस्कार.

आरसा पुन्हा पाइपात बसवून दिवस मावळायच्या आत आम्ही गच्चीवर. "कुंकू सरकतंय. आलं, आलं... बस, हात काढ!" इतक्या आनंदाने मी आयुष्यात हात काढला नसेल.

जेवणं झाली तोवर शनी वर आला होता. माय जिन्यातच अडली. "त्यानी नजर पडनी ते?"

"माय, तो नाही बघत. आपण बघतो."

तिने डोळा लावला. मागे अख्खी गल्ली खोळंबली, पण माय हलेना. कितीतरी वेळाने म्हणाली, "कडं घालेल से रे त्याले." आणि पुन्हा वाकली. दुर्बीण वाचली. आप्पा पाण्याच्या टाकीआड जाऊन रडला, मीही रडलो.

काही वर्षांनी आप्पाच गेला, छातीच्या दुखण्याने. तेराव्याला एक पाहुणा हळूच बोलला, साडेसाती भोवली म्हणून. माय भिंतीला टेकून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "उगाच शनीनं नाव नका ल्या. त्याले मी देखेल से."