शोधपथकाची शिट्टी

कुठे शिट्टी वाजली की ती घटना आजही आठवते. तेव्हा मी गोंडपिपरी भागात ठाणेदार होतो. दुपारी ठाण्यात फोन आला. सरपणाला गेलेल्या एका बाईने तलावाच्या पाळीलगत, म्हणजे मातीच्या बांधाला लागून, बांबूच्या दाटीत, शाळेच्या गणवेशातला एक मुलगा पाहिला होता. हाक मारताच तो आत पळाला. त्याच पाळीवर त्या आठवड्यात वाघाचे ठसे दिसले होते.

मी जवळच्या निवासी शाळेत फोन लावला. तिसरीतला एक मुलगा सकाळपासून नाही, असं मुख्याध्यापकांनी सावकाश सांगितलं. कळवलं का नाही, तर म्हणे, येईल असं वाटलं. संताप आला, पण आधी मुलगा सापडायला हवा होता. स्टेशन डायरीला नोंद घेतली, वनविभागाला कळवलं, मुलाच्या बापाला आणायला जीप पाठवली आणि शोध सुरू केला. सर्वांत पुढे शाळेचे क्रीडाशिक्षक, गळ्यातली शिट्टी फुंकत. आवाज लांब जातो म्हणून आमच्या शिपायांनीही शिट्ट्या काढल्या. बांबूत हालचाल दिसायची आणि मुलगा आणखी आत जायचा. ऊन उतरायला लागलं होतं. 

मी वसतिगृहात चौकशीला बसलो. मुलं तोंड उघडेनात, नजर सारखी दाराकडे. दारात अधीक्षक उभे होते, त्यांना बाहेर पाठवलं. तेवढ्यात तलावाकडून शिट्टी ऐकू आली. सगळी मुलं ताडकन उठली आणि हात वर करून उभी राहिली.

"काऊन उभे राह्यले रे?"

हरवलेल्या मुलाशेजारी झोपणारा पोरगा हळूच म्हणाला, "खेळाच्या सरची शिट्टी वाजली का हात वर करून उभं राहा लागते साहेब. ज्याची गादी ओली, त्याले गादी डोक्यावर घेऊन ग्राउंडवर पळा लागते. त्याची माय मेली तवापासून त्याची रोजच ओली राह्यते."

 दुपारभर आम्ही शिट्ट्या फुंकून त्या पोराला वाघाच्या वाटेवर हाकलत होतो. वायरलेसवरून सगळ्या शिट्ट्या बंद करायला लावल्या.

बाप आला, तलावात मासे धरणारा साधा माणूस. त्याला घेऊन मी तलावाकडे निघालो. घरी मुलाला कसं बोलावता, असं मी विचारलं. संध्याकाळी त्याचा डोंगा, म्हणजे छोटी होडी, काठाला लागला की तो डोंग्याच्या कडेवर वल्हं आपटायचा आणि पोरगा टोपली घेऊन धावत यायचा. इथेही काठाला एक डोंगा बांधलेला होता.

"मारा भाऊ," मी म्हटलं. "जोरानं मारा."

तो मारत राहिला. बराच वेळ पान हललं नाही. मग बांबूतून पोरगा निघाला, काट्यांनी ओरबाडलेला, बापाच्या दिशेने पळत. वाटेत मी होतो. माझ्या खांद्यावरची शिट्टीची दोरी दिसली तसा तो थबकला आणि त्याने हात वर केले.

"गादी धुतो साहेब."

 मी बाजूला झालो.

क्रीडाशिक्षकाने जबाबात शिस्तीचं कारण सांगितलं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याच्यावर गुन्हा दाखल केला. पुढे कुठलंही मूल हरवलं की शोधाला निघण्याआधी मी एकच विचारायचो, हे कोणाच्या आवाजाला बाहेर येईल? शाळेची माणसं गप्प बसायची, त्याचं नवल वाटत नसे. कधी कधी घरचेही एकमेकांकडे बघत राहायचे.