देवीच्या टेकडीचा राखणदार

आर्गिरीस आमच्या टेकडीवरच्या देवळाचा राखणदार होता. देऊळ आर्टेमिसचं, जुन्या ग्रीकांच्या शिकारीच्या देवीचं. सहा खांब अजून उभे, बाकीचे गवतात आडवे, आणि पाइनच्या झाडीत बसकं संग्रहालय. मी तिकीटखिडकीत बसायचे, बाकी सगळं तो बघायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. "देवी कुमारिका, पुजारीही ब्रह्मचारी!" असं गावातले चिडवायचे, आणि तोही हसायचा.

थोरला भाऊ लांब्रोस खालच्या वाडीत राहायचा. शेळ्या, ऑलिव्हची झाडं आणि बायको गारिफालिया, एवढा त्याचा संसार. लेक लग्न होऊन पात्रा शहरात गेलेली. आर्गिरीसचं जेवण रोज त्यांच्याकडेच असे. वहिनीच्या हातच्या मसूर-आमटीशिवाय त्याला झोप येत नसे.

त्या ऑगस्टात डोंगरापलीकडून वणवा आला. गावाकडे पाण्याची एकच गाडी. फाट्यावर येऊन ड्रायव्हरने आर्गिरीसला फोन केला, "वर येऊ का वाडीत जाऊ?"

संग्रहालयामागची झाडं पेटली होती. मी ओलं पोतं घेऊन गवत बडवत होते. आर्गिरीस ओरडला, "वर ये! आधी वर!"

थोड्या वेळाने त्याला आणखी एक फोन आला. तो बाजूला जाऊन काहीतरी बोलला आणि परत येऊन पाण्याचा पाइप ओढायला लागला.

संग्रहालय वाचलं. पण वारा फिरला आणि आग दरीतून सरळ वाडीवर उतरली. गाडी खाली पोचली तेव्हा घरांची छपरं बसली होती. गारिफालिया शेजाऱ्यांच्या गाडीतून आधीच निघाली होती. लांब्रोस शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराशी सापडला. त्याला ओळखायला आर्गिरीसलाच नेलं.

त्यानंतर कॉफीच्या दुकानात त्याच्या टेबलाशी कुणी बसेना. एकदा म्हातारा स्टेर्गिओस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे, देवीला झळ नाही ना लागली?" आर्गिरीसने कप तसाच ठेवला आणि उठून गेला. पुन्हा तो तिथे फिरकला नाही. वर देवळाजवळच्या राखणदाराच्या चौकीतच राहू लागला, पाव-चीज खाऊन.

ऑक्टोबरात गारिफालिया चालत वर आली. काळे कपडे, काळा रुमाल. टेकडीच्या पायथ्याशी जन्म गेला, पण फाटकाच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"एक तिकीट दे," ती म्हणाली.

"अगं, तुला कसलं तिकीट!"

"परके लोक घेतात ना? मग मलाही दे."

आर्गिरीस समोर येऊन उभा राहिला. "वहिनी..."

"दाखव मला सगळं. काय राखलंस ते बघू दे."

त्याने दाखवलं. जळक्या खोडांमधून ती खांबांपर्यंत गेली, एकाला हात लावला आणि राखेने काळा झालेला तळवा कपड्यांना न पुसता तसाच धरून राहिली. मग दोघं संग्रहालयात आले. मी दाराशीच होते. नाक तुटलेलं देवीचं डोकं, बायकांनी नवसाला वाहिलेल्या मातीच्या बाहुल्या, एका हरणाचा पाय. ती प्रत्येक कपाटापाशी थांबली.

"दगड कुठे जळतो?" तिने विचारलं.

"जळत नाही. पण तापला की फुटतो. संगमरवराचा चुना होतो."

"हं." बराच वेळ ती बाहुल्यांकडे बघत होती. मग तिकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी ह्यांनी तुला फोन केला होता."

"हो."

"मला गाडीत बसवलं आणि म्हणाले, तू हो पुढे, मी शेळ्या सोडून येतो, पाण्याची गाडी निघालीय. निघालीय असं कोण म्हणालं त्यांना?"

आर्गिरीस कपाटाच्या काचेवरची धूळ बाहीने पुसू लागला.

"तू म्हणालास?"

"मी म्हटलं, निघाली, पोचेलच. वहिनी, मला वाटलं, दहा मिनिटांत इथलं आटपेल आणि लगेच पाठवू..."

"निघाली नव्हती."

"नव्हती."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. "खरं सांगितलं असतंस तर ते पळाले असते रे," एवढंच बोलली. जाताना दारात म्हणाली, "चर्चमध्ये त्यांच्या नावाची प्रार्थना असेल तेव्हा येऊ नकोस. मला तुझ्या शेजारी उभं राहवणार नाही."

पुढच्या महिन्यात ती लेकीकडे पात्राला गेली. त्या दिवशी काय बोलणं झालं ते तिने गावात कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. पण आर्गिरीस स्वतःच एका रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भावाला मी खोटं सांगितलं." लोक त्याच्याकडे न बघता घरी गेले. त्याला वाटलं असावं, कुणीतरी मारेल, निदान शिवी देईल.

दोन हिवाळे त्याने काढले. फाटक उघडायचा, बंद करायचा. वाडीतल्या जळक्या झाडांच्या बुंध्यांना फुटवे आले तेव्हा तो जाऊन आळी करून आला. तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, चौकीतल्या खाटेवर तो मेलेला मला सापडला. शेगडी विझलेली होती.

दफनाला आम्ही पाचजण होतो. खड्डा भरत आला तशी बसमधून गारिफालिया उतरली. हातात झाकलेलं पातेलं. मेलेल्याच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू तिने रात्री लेकीच्या घरी बसून केले होते, डाळिंबाचे दाणे घालून.

मी म्हटलं, "बरं झालं आलीस. माफ केलंस त्याला."

"नाही केलं," ती म्हणाली. "पण त्याच्या नावाने गहू उकडायला दुसरं कोण होतं?"

तिने पातेलं उघडलं आणि आधी पाद्रीबाबांच्या, मग आमच्या एकेकाच्या ओंजळीत गहू घातले.