आत्याबाईची काकवी

काकवी उकळायला ठेवली की वर मळी येते. झाऱ्याने काढून टाकावी, तर दोन मिनिटांत पुन्हा तेवढीच! आमच्या हिवाळ्यातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. जेवायला जमलो आणि मी एक सांगितला, की विलासभाऊजी दुसरा काढतात. मग आमचे हे घाईघाईने म्हणतात, "तो लिफ्टचा नको हं!" आणि सगळ्यांना नेमका तोच ऐकायचा असतो.

आम्ही म्हणजे चौघंच. मी शारजात अल मजाजला राहते, घरून डबे आणि फराळाच्या ऑर्डरी करते. आमचे हे, म्हणजे सुधीर, फुजैराच्या बंदरावर अकाउंट्समध्ये. शुक्रवारी संध्याकाळी घरी येतात. विलासभाऊजी म्हात्रे हे आमच्या ह्यांचे मित्र, मूळचे पालघरकडचे. रास अल खैमात त्यांचं स्कॅफोल्डिंगचं, म्हणजे बांधकामाच्या परांच्यांचं यार्ड आहे. आणि त्यांची मुलगी ईशा, जन्मापासून इथलीच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्लिशमध्ये.

*

सुरुवात ईशाच्या पॅनकेकपासून झाली.

भाऊजींनी टेबलावरची मेपल सिरपची बाटली उचलली आणि चष्मा वर करून लेबल वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"वहिनी, हे काय लिहिलंय बघा. थंडीत झाडाला भोक पाडतात, पाणी गोळा करतात आणि उकळतात. बस्स! आणि ह्याचे चाळीस दिरहम? जवळजवळ हजार रुपये झाले! अहो, आमचे आजोबा शिंदीच्या झाडावर चढून हेच करायचे. त्यांना कोणी साधी बाटलीसुद्धा दिली नाही!"

"बाबा, दॅट इज कॅनडा," ईशा म्हणाली.

"मग इथे झाडं कमी आहेत?" भाऊजींनी खिडकीबाहेर हात केला. रस्त्याच्या मधोमध खजुरांची रांग उभी होती.

"बाबा, प्लीज! ती म्युनिसिपालिटीची आहेत!"

*

मग झाड शोधायची मोहीम निघाली. भाऊजींचे एक जुने गिऱ्हाईक होते, अबू राशिद. रास अल खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी त्यांची खजुराची बाग आहे. त्या पिढीच्या पुष्कळ लोकांना येतं तसं त्यांना मस्त हिंदी येतं.

बागेच्या कोपऱ्यात एक उंचच उंच झाड एकटं उभं होतं. अबू राशिद म्हणाले, "इसका पानी लो. बाकी को हाथ नहीं लगाना."

ते झाड त्यांच्या आईने लग्न होऊन आल्यावर बी पेरून वाढवलं होतं. बियांपासून आलेलं खजुराचं झाड नर निघेल की मादी, हे कित्येक वर्षं कळत नाही. हे नर निघालं. म्हणजे खजूर कधी लागणारच नाही! परागासाठी बागेत चांगल्या जातीचे नर होतेच, त्यामुळे ह्याचा उपयोग शून्य. घरातला प्रत्येक पुरुष म्हणून गेला की तोडा. म्हातारीने तोडू दिलं नाही.

"हमारे में बोलते हैं, खजूर बाप का बहन है," अबू राशिद म्हणाले. "उसका इज्जत करना."

बापाची बहीण, म्हणजे आत्या! त्या क्षणापासून झाडाचं नाव आत्याबाई पडलं. आपल्याकडे कोणी 'असं झालं असतं तर, तसं झालं असतं तर' करायला लागलं की आपण म्हणतो ना, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! सुधीर झाडाकडे बघून म्हणाले, "घ्या! हिला खरंच आहेत."

अबू राशिद मात्र हसत नव्हते. त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हात्रे, पानी लो, मुश्किल नहीं. लेकिन ये मर गया, तो मेरा माँ को तुम बोलेगा. मैं नहीं बोलेगा. खलास!"

परत येताना गाडीतूनच भाऊजींनी यार्डात फोन लावला.

*

भाऊजींचे आजोबा कमरेला दोर आणि कोयता अडकवून झाडावर सरसर चढायचे म्हणे. नातू स्कॅफोल्डिंग काँट्रॅक्टर! पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो तर आत्याबाई दिसेचना. चारी बाजूंनी पाइप, फळ्या, जिना, रेलिंग आणि खाली तपासणीचा हिरवा टॅग.

"हेल्मेटशिवाय कोणी वर जाणार नाही. वहिनी, चिन स्ट्रॅप लावा!"

"अहो, मी खालीच उभी आहे."

"खालीच जास्त धोका असतो!"

तेवढ्यात अबू राशिद आले. त्यांनी तो सगळा पसारा खालपासून वरपर्यंत बघितला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हबीबी, कितना माला का बिल्डिंग है?"

पण थट्टा तिथेच थांबली. भाऊजींनी वर जाऊन शेंड्याखालची साल तासली, पातळ काप घेतला, बांबूची छोटी पन्हळ बसवली आणि खाली मडकं बांधलं. संध्याकाळची थंडी पडायला लागली होती. आम्ही हळूहळू वर चढलो आणि बघत राहिलो.

पन्हळीच्या टोकाशी एक थेंब जमला. फुगला. थरथरला. पडला.

मी बोट लावून चाखलं आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. ह्या देशात प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून आणावं लागतं. त्यासाठी केवढाले प्लांट, केवढी यंत्रं! आणि ही बाई रेतीत एका पायावर उभी राहून आतल्या आत असलं गोड पाणी बनवते, आणि कोणाला पत्ता नाही. आम्ही इतकी वर्षं रोज हजारो खजुरांखालून गाड्या पळवत होतो. एकदाही मनात आलं नाही.

ईशाने मोबाईल काढला होता. तोही तिने खिशात ठेवला. "इट्स मेपल सिरप विथ अ सनबर्न," ती हळूच म्हणाली.

*

आता लिफ्टचा. नाही म्हणाले तरी सांगणारच!

ताजी नीरा सकाळी पाण्यासारखी निर्मळ असते. ऊन लागलं की ती आंबते आणि मग तिला नीरा म्हणत नाहीत! म्हणून भाऊजींचा नियम होता की सगळी तिथेच उकळायची, एक थेंबही बाहेर न्यायचा नाही. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही. "थोडी घरी नेतो, संध्याकाळी निवांत पिऊ," म्हणून छोटा कॅन भरून घेतला. मी उकळायला मागे थांबले. हे वाटेत गाडी सर्व्हिसिंगला टाकून, दुपारच्या उन्हात ती कॅनसकट तासभर उभी ठेवून घरी पोचले.

लिफ्टमध्ये नवव्या मजल्यापाशी कॅनचं झाकण उडालं.

डोक्यापासून बुटापर्यंत फेस! जन्मात ज्या माणसाने खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचल्याशिवाय घेतलं नाही, तो शारजासारख्या ठिकाणी, जिथे दारूचं दुकानच नाही, लिफ्टभर घमघमाट करून उभा! आणि दार उघडलं तर समोर शेजारच्या मरियम्मा आंटी. केरळच्या, शिस्तीच्या, बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना टरकून असतात.

आंटींनी नाक वर करून वास घेतला. ह्यांच्या शर्टाकडे बघितलं. कॅनकडे बघितलं.

"आंटी, आय कॅन एक्सप्लेन..."

"फेंकना मत!" आंटी कडाडल्या आणि त्यांनी कॅनच हिसकावून घेतला. "कितने साल से ढूँढ रही हूँ! इसके बिना अप्पम फूलता ही नहीं!"

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमच्या दारात जाळीदार, टम्म फुगलेल्या अप्पमची रास आली. ह्यांनी एकही खाल्लं नाही. मी ह्यांच्या वाटचीही खाल्ली.

*

उकळण्याचं खातं माझ्याकडे. बागेत तीन दगडांची चूल आणि खजुराच्याच वाळलेल्या झावळ्या. पसरट पातेल्यात नीरा ओतायची, मळी काढत राहायची आणि ढवळत राहायचं. आधी पाणी, मग चहा, मग मधासारखा रंग. शेवटी बुडबुडे जड होऊन "पुटुक पुटुक" बोलायला लागले की उतरवायचं. क्षणभर उशीर झाला की जळलंच!

पहिल्यांदा पातेलं उतरवलं तेव्हा भाऊजी धावत आले. सकाळी काठोकाठ भरलेलं होतं, आता तळाला जेमतेम एक बरणीभर.

"वहिनी, बाकीचं कुठे गेलं?"

मी वर आकाशाकडे बोट दाखवलं.

त्यांनी वर बघितलं. मग म्हणाले, "त्या मेपलवाल्यांचे हजार रुपये कमीच आहेत हो!"

त्या काकवीला धुराचा, खजुराचा आणि आणखी कशाचा तरी वास होता. गरम घावनावर ओतली आणि बघता बघता घावनं संपली. पंचवीस वर्षं स्वयंपाकावर पोट भरते आहे मी, पण हे मी केलंय असं मला म्हणता येईना.

*

आणि मग भाऊजींनी घोळ घातला. असा घोळ फक्त काँट्रॅक्टरच घालू शकतो.

आजोबांचा नियम त्यांना पाठ होता. थोडे दिवस झाड तासायचं, मग त्याला सुट्टी द्यायची, जखम वाळू द्यायची. पण जानेवारीत कडक थंडी पडली, पहाटे धुकं यायला लागलं आणि मडकी काठोकाठ भरायला लागली. भाऊजींच्या अंगात साइट इंजिनिअर शिरला. सीझन संपत आलाय, वर स्कॅफोल्डिंग रिकामं उभं आहे, मग एकच बाजू का? त्यांनी दुसऱ्या बाजूनेही काप घेतला. सुट्टी रद्द. डबल शिफ्ट!

दोन आठवडे धो धो नीरा आली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मडकी कोरडी. आणि शेंड्यातली मधली कोवळी पानं पिवळी पडून लोंबायला लागली.

खजुराचा जीव त्या शेंड्यात असतो. तो गेला की झाड गेलं. बाजूने दुसरा फुटत नाही.

"बाबा," ईशा वर बघत म्हणाली, "यू मेड हर डू ओव्हरटाइम."

भाऊजींनी पन्हळी काढल्या, जखमांवर राख आणि माती लिंपली. त्यानंतर रोज यार्ड बंद करून ते बागेत जायचे, वर चढायचे, बघायचे, उतरायचे. मला फोन करून एवढंच म्हणायचे, "तसंच आहे." त्यांचं जेवण सुटलं. ज्या माणसाने भर वाऱ्यात पंचवीस मजली टॉवरला स्कॅफोल्डिंग चढवलंय, तो एका झाडापायी पार खचून गेला होता, आणि आम्हाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

अबू राशिद येऊन बघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जाताना म्हणाले, "शनिवार को माँ आएगी."

*

शनिवारी आम्ही सगळे आधीच जाऊन उभे राहिलो. भाऊजींनी स्कॅफोल्डिंग उतरवून टाकलं होतं. आत्याबाई उघडी उभी होती. दोन्ही बाजूंना लिंपलेल्या जखमा, शेंडा झुकलेला.

गाडीतून व्हीलचेअर उतरली. म्हातारी इवलीशी होती. अंगावर काळा अबाया, चेहऱ्यावर जुन्या बायका लावतात तो सोनेरी चमक असलेला मुखवटा. रेतीत चाकं रुतत होती. अबू राशिदनी आईची खुर्ची झाडापाशी आणून लावली आणि स्वतः बाजूला जाऊन उभे राहिले. ते बोलणार नव्हतेच.

भाऊजी पुढे झाले. आदल्या दिवसापासून पाठ केलेलं हिंदी कुठल्या कुठे गेलं. त्यांनी झाडाच्या एका बाजूला हात लावला, मग दुसऱ्या बाजूला. "दोनों साइड काटा," ते म्हणाले. "लालच किया. शायद नहीं बचेगा. मेरा गलती, माँजी." आणि हात जोडून उभे राहिले.

म्हातारीला किती हिंदी कळत होतं कोण जाणे. तिने मान वर करून शेंड्याकडे बघितलं. मग मुलाला काहीतरी विचारलं.

"पूछती है, इसमें से क्या निकला," अबू राशिद म्हणाले.

मी पिशवीतून काकवीची बरणी काढली. तिने बरणी मांडीवर घेतली, मुखवटा जरासा उचलला, बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटले. पुन्हा एकदा बुडवलं.

मग ती अरबीत बोलायला लागली, झाडाकडे बघत, अगदी हळू. ती थांबली. अबू राशिदनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

"बोलती है... सब लोग बोला, काट दो, ये कुछ नहीं देगा. मैं सारा उमर इसको पानी पिलाया. आज पहली बार इसने मेरे को पिलाया."

भाऊजी ढसाढसा रडायला लागले. ईशाने त्यांचा दंड घट्ट धरला.

म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने खूण करून खुर्ची आणखी पुढे घ्यायला लावली, पार खोडाला टेकेपर्यंत. तिसऱ्यांदा बोट बरणीत बुडवलं आणि ह्या वेळी ते तोंडात न घालता खोडावर टेकवलं, तसंच धरून ठेवलं आणि काहीतरी पुटपुटली.

आम्ही अबू राशिदकडे बघितलं.

"उसको बोल रही है," ते म्हणाले. "ले, तू भी चख."