गजभिये आणि तो कागद

गजभिये कुठेही खुर्चीवर बसण्याआधी खिशातून वर्तमानपत्राची घडी काढून ती खुर्चीवर पसरत. मालगाड्यांच्या यार्डातली कोळशाची धूळ त्यांच्या कपड्यांतून कधी जायची नाही, आणि आपल्यामुळे दुसऱ्याची खुर्ची काळी व्हावी हे त्यांना मंजूर नव्हतं. पालकसभेला पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, साधा लाकडी बाक आहे, काही होत नाही." तर म्हणाले, "होते न, मॅडम. माह्या मागून कोनी पांढऱ्या साडीवाली बसली त?" त्या दिवशी मी पांढरीच साडी नेसले होते.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे, मी नागपूरची. आमच्या रायपूरच्या शाळेत मराठी बोलणारी बाई मी एकटीच, म्हणून ते माझ्याशी दोन शब्द जास्त बोलत. बायको लवकर गेली होती. गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची सुजाता, एवढंच घर. मालगाडी आली की तिच्या कडेनं चालत जाऊन एकेका डब्याचा अकरा आकडी नंबर वहीत उतरवायचा, हे त्यांचं काम. "यार्डाचं एकच हाय, मॅडम. लिवला तो डबा आला. नाही लिवला त आलाच नाही, मंग तो समोर उभा का असेना." हे वाक्य ते पोरीच्या प्रगतिपुस्तकापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत कशालाही लावत.

एकदा भर दुपारी ते शाळेत आले, अंगावर ड्यूटीचेच कपडे. आठ वर्षांच्या सुजातानं घरी त्यांची वही चाळता चाळता एका नंबरावर बोट ठेवून सांगितलं होतं, "बाबा, ये गलत है." डबा अजून यार्डातच उभा होता. यांनी जाऊन आकड्यांवरची धूळ पुसली, तर यांनी जिथं तीन लिहिलं होतं तिथं आठ निघाला. "तुले कसं समजलं?" विचारलं तर म्हणाली, शेवटचा आकडा आधीच्या दहा आकड्यांवरून निघतो, सगळ्या डब्यांत तसंच असतं. कुणी शिकवलं नव्हतं. वही वाचून वाचून तिनं ते शोधलं होतं. मी गजभियेंकडून वही मागून घेतली. वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या मला तो हिशेब जमवायला अख्खा रविवार लागला, आणि पोरीचं बरोबर होतं.

मग मीच हट्टाला पेटले. रायपूर राजधानी झाल्यापासून चौबे कॉलनीत नवे नवे दवाखाने निघाले होते. तिथं एक बाई मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेत. गुण चांगले आले तर नागपूरची एक निवासी शाळा अशा मुलांना फुकट शिकवत असे, पण तिला चाचणीचा कागद लागे. फी मात्र भारी होती. गजभिये म्हणाले, "पोट्टी हुशार हाय हे मले मालूम हाय, तुमाले मालूम हाय. मंग पैसे काहून द्याचे?" आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. "देतो, मॅडम. लिवलेलं पाहिजे. आमच्या लोकायचं तोंडी कोन मानते?" मी खूश होऊन म्हटलं, "कागद हातात आला की जूनमध्ये सुजाता नागपूरला." ती पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. तिचं आमच्याकडे लक्ष नाही, असं मला वाटलं.

निकाल आला. सर्वसाधारण.

गजभियेंनी तो कागद तीनदा वाचला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. मला म्हणाले, "माफ करा, मॅडम. बापाचे डोये हायेत, जास्तच पाहून राहिलो होतो." त्या दिवसापासून त्यांनी तिला वहीला हात लावू दिला नाही. उगाच पोरीच्या डोक्याला ताप नको, म्हणाले.

पुढच्याच सोमवारी सुजातानं मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, मैंने जानबूझ के गलत बताया. मैं नागपूर चली जाती तो बाबा अकेले कैसे रहते?" आणि हुंदके देत तिनं माझ्याकडून शपथ घेतली, बाबांना सांगायचं नाही. मी शपथ घेतली. वाटलं, महिना दोन महिन्यांनी शांतपणे सांगू. मग वाटलं, बापलेक सुखात आहेत, कशाला ढवळा. तिची भीती पुढे लाजेत बदलली आणि माझी चालढकल सवयीत. प्रत्येक पेपरात ती शेवटची दोन गणितं कोरी सोडायची, आणि मी मुकाट्यानं तिला बेताचे गुण द्यायची. मी शिक्षिका होते. माझ्या गप्प बसण्याला माफी नाही.

ती बारावीत असताना गजभियेंच्या फुप्फुसांनी हात टेकले. रेल्वेच्या दवाखान्यात त्यांच्या खाटेजवळ बसून मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले.

"तुमी मायेनं बोलून राहिल्या, मॅडम. मले समजते."

मी रडत म्हटलं, "माझ्या मुलांची शपथ, गजभिये, खरं आहे."

"शिकलेल्या बाईनं दोन घंटे पाहून लिवलं. ते खोटं कसं असन?" मग आवाज बारीक करून म्हणाले, "तिच्यासमोर नका बोलू हे. बापाले आपल्यापासून जास्तीचं पाहिजे होतं, असं वाटन तिले. लय गुणाची पोट्टी हाय माही. मले कमी काही नाही वाटलं."

सुजाता दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती धावत येऊन खाटेशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, मॅडम सच बोल रही हैं. मुझे सब आता था. सब आता था, बाबा."

गजभियेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले, "हव बेटा, हव."

चौथ्या दिवशी ते गेले.